बुडबुडे थांबले, हायड्रोमीटर १.०१२ वर अडलाय: वाइन किटच्या पुढच्या पुड्या टाकू का?

नवा_बुधला

नमस्कार मंडळी. घरी वाइन करायचं पहिलंच किट लावलंय. रेड, २३ लिटरचं. आत घट्ट रसाची पिशवी, बेंटोनाइट, यीस्ट, ओकच्या ढलप्या आणि शेवटी वापरायच्या चार पुड्या होत्या: सल्फाइट (जंतू रोखायला), सॉर्बेट (यीस्टची वाढ थांबवायला), आणि निवळायला कीझेलसोल व कायटोसान. झाकणाची बादली, काचेचा बुधला, एअरलॉक (आतला वायू बाहेर सोडणारी पाण्याची झडप), नळी आणि हायड्रोमीटर (रस पाण्याच्या तुलनेत किती दाट आहे ते दाखवणारं तरंगतं काचेचं माप, पाण्याचं १.०००, साखर असेल तितकं जास्त) हे सगळं सोबत आलं.

पत्रकाप्रमाणे रस आणि पाणी नीट ढवळून घेतलं, सुरुवातीचं माप १.०९० आलं. यीस्ट टाकल्यावर दुसऱ्या दिवसापासून जोरात फसफसायला लागलं, फेस झाकणापर्यंत आला होता. मग हळूहळू जोर ओसरला आणि आता एअरलॉक एकदम गप्प आहे. काल माप घेतलं १.०१२, आजही १.०१२. पत्रक म्हणतं चौदाव्या दिवशी सल्फाइट आणि सॉर्बेट टाका, पण त्याच ओळीत असंही लिहिलंय की माप ०.९९८ च्या खाली हवं. चौदावा दिवस उद्या आहे. आता दिवस पाळू की माप?

खोली दिवसा २१ अंश असते, रात्री १६ पर्यंत उतरते. बादली फरशीवर आहे.

आणखी काही विचारायचंय. यीस्ट मेलं असेल का? उरलेली गोडी अशीच ठेवून बाटल्या भरल्या तर गोडसर वाइन मिळेल ना? थोडी साखर घालून अल्कोहोल वाढवता येईल का? कायटोसान कशापासून करतात, कारण घरात काही जण मांसमासे खात नाहीत. आणि घरचे सारखे म्हणताहेत की घरी केलेल्या दारूनं डोळे जातात, त्यांना काय सांगू?

झटपट_फेस

आंबवणी अडकलीय. ईसी-१११८ ची एक पुडी आणा आणि वरून भुरभुरा. हे यीस्ट १८ टक्के अल्कोहोलपर्यंत तग धरतं आणि १० अंशांपासून पुढे काम करतं. दोन दिवसांत मोकळं होईल.

निवळशंख

नवा_बुधला, उद्या पुड्या टाकू नका. चौदावा दिवस हा पत्रक लिहिणाऱ्याचा अंदाज आहे, त्याच्या खोलीतल्या तापमानाचा. तुमची खोली त्यानं पाहिलेली नाही. माप मात्र तुमच्याच बादलीतलं आहे. दिवस आणि माप यांचं पटलं नाही की दरवेळी मापाचं ऐकायचं. किट लावणाऱ्या प्रत्येकाला मी हेच पहिलं सांगते, कारण किटमधल्या बहुतेक वाइन याच टप्प्यावर घाईनं बिघडतात.

आधी तुमचे आकडे बघू. १.०९० वरून १.०१२ म्हणजे ०.०७८ उतरलं. त्याला १३१.२५ नं गुणलं की अल्कोहोलचा अंदाज मिळतो: साधारण १०.२ टक्के. यीस्टनं बरंच काम उरकलेलं आहे. रस पूर्ण आंबून ०.९९४ वर आला तर १२.६ टक्क्यांपर्यंत जाईल. एक टक्का अल्कोहोल व्हायला लिटरमागे अंदाजे १७ ग्रॅम साखर लागते. त्या हिशोबानं तुमच्या प्रत्येक लिटरमध्ये अजून ४० ग्रॅमच्या आसपास साखर आहे, म्हणजे पूर्ण बादलीत किलोला थोडी कमी. नवीन माणूस १.०१२ बघून 'पाण्याइतकंच तर आलं' असं समजतो. पण अल्कोहोल पाण्यापेक्षा हलकं असतं, म्हणून कोरडी, म्हणजे गोडी न उरलेली, वाइन १.००० च्याही खाली जाते, आणि म्हणूनच पत्रकात ०.९९८ ची अट घातलेली असते.

आता ही ४० ग्रॅम साखर घेऊन बाटल्या भरल्या तर काय होईल? शॅम्पेनच्या बाटलीत दुसऱ्या आंबवणीसाठी लिटरमागे साधारण २४ ग्रॅम साखर घालतात आणि आतला दाब बाहेरच्या हवेच्या दाबाच्या सहापटीपर्यंत चढतो. ती बाटली जाड काचेची असते आणि तिचं बूच तारेनं बांधलेलं असतं. तुमची बाटली साधी आणि साखर त्याच्या दीडपटीहून जास्त. उन्हाळ्याची ऊब मिळून यीस्ट जागं झालं तर बुचं उडतील किंवा काच फुटेल, आणि फुटलेली काच डोळ्याला किंवा हाताला लागली की ती जखम साधी नसते. कृपा करून हे करू नका. गोडसर वाइन हवी असेल तर आधी ती पूर्ण कोरडी होऊ द्या, सल्फाइट आणि सॉर्बेट टाकून स्थिर करा, निवळली की मग चवीपुरती गोडी घाला. हा एकच क्रम सुरक्षित आहे.

आत्ताच सॉर्बेट टाकलं तर? सॉर्बेट यीस्टला मारत नाही, त्याची वाढ थांबवतं. बादलीत आधीपासून असलेलं यीस्ट रेंगाळत काम करत राहतं आणि नवं यीस्ट तयार होत नाही. मग आंबवणी धड चालू नाही, धड बंद नाही अशी लटकते. नंतर तुम्ही कितीही ऊब दिली किंवा ताजं यीस्ट घातलं तरी ते वाढू शकत नाही, कारण सॉर्बेट परत काढून घेता येत नाही. म्हणून ही पुडी सगळ्यात शेवटी येते.

यीस्ट मेलेलं नसावं, गारठलंय. रात्री १६ अंश आणि बादलीचं बूड फरशीला टेकलेलं. यीस्ट बुडाशीच जमतं आणि गारवा त्यालाच आधी लागतो. पुढे असं करा.

बादली फरशीवरून उचलून जाड पुठ्ठ्यावर किंवा लाकडी पाटावर ठेवा. भोवती घोंगडी गुंडाळा. रात्रंदिवस २२ ते २४ अंशांच्या मध्ये राहील अशी जागा शोधा, घराच्या आतल्या भिंतीलगतचा कोपरा चांगला. उघडा हीटर बादलीकडे तोंड करून लावू नका. ३० च्या वर गेलं की यीस्टला त्रास होतो आणि वाइनला उग्र वास धरतो. दिवस-रात्रीचा चढउतार कमी करणं हे मला तापमान वाढवण्यापेक्षाही महत्त्वाचं वाटतं. सतत २० मिळालं तरी दिवसा २५ आणि रात्री १५ पेक्षा ते बरं.

मग लांब दांड्याचा चमचा सल्फाइटच्या पाण्यातून काढा आणि तळाचा गाळ हलक्या हातानं वर आणा. पाच-सहा संथ फेरे पुरेत. खळखळ करू नका, आता हवा आत नको. सुरुवातीला, यीस्ट टाकण्याआधी, रस जोरात ढवळतो तेव्हा यीस्टला वाढायला ऑक्सिजन हवा असतो. १० टक्के अल्कोहोल झाल्यावर तोच ऑक्सिजन वाइनचा रंग तपकिरी करतो आणि चव शिळी. चमचा घालताच वायू सुटून फेस चढेल, तेव्हा बादली काठोकाठ असेल तर अगदी सावकाश. झाकण लावा आणि दोन दिवस उघडू नका.

मोजायची पद्धत जरा सविस्तर सांगते, कारण तुमचं १.०१२ हे खरंच १.०१२ आहे का याची मला खात्री करायचीय. आंबणाऱ्या रसात कार्बन डायऑक्साइड ठासून भरलेला असतो. नमुना नळीत ओतून हायड्रोमीटर सोडला की त्याच्या काचेला बारीक बारीक बुडबुडे चिकटतात आणि ते त्याला वर उचलून धरतात. आकडा खरा असतो त्यापेक्षा जास्त दिसतो. म्हणून नमुना आधी दोन पेल्यांत आठ-दहा वेळा वरून-खाली ओतून वायू घालवा. मग नळीत घ्या, हायड्रोमीटर सोडा आणि दांडी दोन बोटांनी गर्रकन फिरवा. फिरताना चिकटलेले बुडबुडे सुटतात. तो भिंतीला न टेकता स्थिर झाला की डोळे द्रवाच्या पातळीत आणून बघा. काचेलगत द्रव थोडा वर चढलेला दिसेल. तो सोडून मधली सपाट पातळी वाचायची. मी हे पाठीमागे पांढरा कागद धरून करते, रेडमध्ये रेघा नाहीतर दिसत नाहीत. तापमानाची काळजी नको. बहुतेक हायड्रोमीटर २० अंशांना जुळवलेले असतात आणि १६ ला मोजलं तर फरक ०.००१ हूनही कमी येतो.

मोजलेला नमुना बादलीत परत ओतू नका. प्या. हायड्रोमीटरशी जीभ जुळवून घेण्याची हीच संधी असते. १.०१२ ला टोकाशी स्पष्ट गोडी लागेल आणि जिभेवर वायू चुरचुरेल. ०.९९४ ला गोडी पूर्ण जाऊन हिरड्यांना आवळल्यासारखं वाटेल. थोडे महिने असं चाखत राहिलात की नुसत्या घोटावरून टप्पा ओळखू येतो, पण त्यावर विसंबून पुड्या टाकायच्या नाहीत, आकडा बघूनच.

एअरलॉकवरून निर्णय घेणं तर आजपासून सोडाच. बादलीच्या झाकणाची रबरी कड जरा सैल असेल तर वायू तिथून निघून जातो आणि एअरलॉक गप्प बसतो, आत जोरात आंबत असलं तरी. उलट, आंबवणी संपलेली असते आणि खोली तापली की विरघळलेला वायू सुटून बुडबुडे येतात, कारण कोमट द्रवात वायू कमी मावतो. एअरलॉकचं काम हवा आत न येऊ देणं एवढंच. तीन दिवस लागोपाठ तोच आकडा आणि तो ०.९९८ च्या खाली, तेव्हा आंबवणी संपली.

झटपट_फेस, ईसी-१११८ बद्दल तुम्ही म्हणता ते खरं आहे, दणकट यीस्ट आहे. पण ते कोरडंच वरून भुरभुरायला माझा विरोध आहे. कोरड्या यीस्टच्या पेशींची त्वचा पाणी शोषेपर्यंत नाजूक असते. ती थेट १० टक्के अल्कोहोलमध्ये पडली तर बरीचशी मरतात. आणि आहे त्या यीस्टला ऊब दिल्यावर ते चालू होण्याची शक्यता इथे चांगली असताना दुसरं आणायची गरज काय? पाच दिवस २३ अंशांवर ठेवून, तळ हलवून, आकडा अजिबात हलला नाही तर मग नवं यीस्ट, आणि तेही सवय लावून. पद्धत अशी: पुडी ३५ ते ४० अंशांच्या पाण्यात पंधरा मिनिटं भिजवा. त्यात थोडा न आंबलेला गोड रस घालून फेसू द्या. फेसाळलं की त्यात तेवढीच अडकलेली वाइन घाला आणि पुन्हा फेस धरेपर्यंत थांबा. मग पुन्हा दुप्पट करा. दोन-तीन लिटर जोमदार मिश्रण झालं की ते बादलीत. दोन्हींच्या तापमानात १० अंशांपेक्षा जास्त फरक नको. याला एक-दोन दिवस जातात, पण यीस्ट जिवंत पोचतं.

साखर घालू का, याला माझं उत्तर साफ नाही. किटच्या रसात साखर, आंबटपणा आणि तुरटपणा यांचा मेळ करणाऱ्यानं बसवलेला असतो. नुसतं अल्कोहोल वाढवलं की तो मेळ जातो आणि घशाला जळजळणारं पातळ पेय हाती येतं. शिवाय दमलेल्या यीस्टवर आणखी ओझं. पहिल्या किटमध्ये काहीही बदलू नका. रस, पाणी, पुड्या पत्रकात आहेत तशाच. बदल करायला पुढची किटं आहेत, आणि मूळ चव कशी होती हे माहीत असल्याशिवाय बदलाचा परिणाम कळतही नाही.

कायटोसान कोळंबी-खेकड्यांच्या कवचापासून काढतात. म्हणजे तुमच्या घरातल्यांसाठी ते चालणार नाही, आणि कवचवाल्या माशांची ॲलर्जी असलेल्या कुणाला देणार असाल तर आधी सांगणं तुमचं कर्तव्य आहे. काही किटांत त्याऐवजी आयसिंग्लास येतं, ते माशाच्या हवेच्या पिशवीपासून होतं. बेंटोनाइट ही माती आहे आणि कीझेलसोल म्हणजे सिलिका, दोन्हींत प्राण्याचं काही नाही. कायटोसान न घालताही वाइन निवळते, फक्त वेळ जास्त घेते. गाळावरून नवीन बुधल्यात घ्या, थंड जागी दोन-तीन महिने हलवू नका, मग पुन्हा गाळावरून घ्या. मी स्वतः आता घाईच्या पुड्या वापरत नाही. बुधल्याच्या मागे टॉर्च धरायचा. किरण पलीकडे धुरकट पट्ट्यासारखा दिसला तर अजून कण तरंगताहेत, आणि काचेवर नुसता स्वच्छ ठिपका दिसला तर झालं. रेडमध्ये टॉर्च जरा मोठा लागतो.

डोळ्यांच्या प्रश्नावर परीक्षानळी जास्त नेमकं सांगू शकतील, त्यांचा तो विषय आहे.

परीक्षानळी

निवळशंख यांना पूर्ण अनुमोदन.

डोळे जाण्याची भीती मिथेनॉलमुळे आहे आणि ती भीती कुठून आली हे घरच्यांना समजावून सांगायला हवं, उडवून लावायला नको. यीस्ट साखरेपासून इथेनॉल आणि कार्बन डायऑक्साइड करतं. मिथेनॉल यीस्ट साखरेपासून करत नाही. ते फळाच्या सालीतल्या आणि गरातल्या पेक्टिनपासून थोडंसं सुटतं. त्यामुळे कुठल्याही वाइनमध्ये, दुकानातल्यासुद्धा, ते अत्यल्प असतंच. किटमध्ये गाळलेला रस असतो, साल नसते, म्हणून आणखी कमी. विषबाधेच्या बातम्या येतात त्या बहुतेक वेळा कारखान्यातलं मिथेनॉल मिसळलेल्या दारूच्या असतात. आंबवलेल्या रसाच्या नसतात.

एक गोष्ट मात्र कधीही करू नका: ही वाइन उकळून तिचा अर्क काढणं. ते वेगळं काम आहे, आगीचा धोका आहे, आणि घरी ते करायला बहुतेक देशांत कायद्यानं बंदी आहे. वाइनपुरतंही तुम्ही राहता तिथला नियम आधी बघून घ्या. काही ठिकाणी स्वतःच्या वापरापुरती मुभा असते, काही ठिकाणी परवाना लागतो, आणि विकायची मुभा परवान्याशिवाय जवळपास कुठेच नसते.

दोन गोष्टी सुरक्षेच्या. पहिली, वायू. साखरेच्या वजनाचा जवळपास अर्धा भाग कार्बन डायऑक्साइड होऊन बाहेर पडतो. तुमच्या बादलीतल्या साखरेचा हिशोब केला तर सगळं मिळून हजार लिटरहून जास्त वायू होतो. तो हवेपेक्षा जड असतो आणि खाली साठतो. घोंगडी गुंडाळलीत ते ठीक, पण बादली बंद कपाटात किंवा बिनखिडकीच्या कोठीत ठेवू नका. दुसरी, सल्फाइटची पूड. भांडी निर्जंतुक करायचं पाणी कालवताना तोंड वर धरू नका, खिडकी उघडी ठेवा. दमा असलेल्यांना त्या वायूनं झटका येऊ शकतो, आणि काहींना पिण्यातल्या सल्फाइटनंही. पाहुण्यांना वाइन देताना हेही सांगा.

भांड्यांना क्लोरीनचं ब्लीच लावू नका. बुचाच्या आणि लाकडाच्या संपर्कात क्लोरीनपासून पुढे टीसीए नावाचं संयुग तयार होऊ शकतं, त्याला ओल्या पुठ्ठ्यासारखा कुबट वास येतो आणि तो जात नाही. आधी घासून धुणं, मग सल्फाइट. मळ असलेल्या भांड्यावर सल्फाइट ओतून उपयोग नाही.

नवा_बुधला

किती मनापासून लिहिलंय तुम्ही सगळ्यांनी, खूप आभार. पुड्या डब्यात परत ठेवल्या. बादली पाटावर, घोंगडीत, आतल्या खोलीत आणलीय. खिडकी फटीएवढी उघडी असते. तळ हलवला तेव्हा खरंच फेस चढला. वायू घालवून मोजलं तर तेव्हाचं माप १.०१० निघालं, म्हणजे थोडा फरक बुडबुड्यांचाच होता. आज मोजलं तर १.००४! घरच्यांना परीक्षानळींचं उत्तर वाचून दाखवलं, आता त्यांनाच चाखायची घाई झालीय.

एक नवीन शंका. झाकण उघडल्यावर हलका उकडलेल्या अंड्यासारखा वास आला. जोराचा नाही. बिघडलंय का? आणि ०.९९८ च्या खाली गेल्यावर बुधल्यात घ्यायचं, तर बुधला गळ्यापर्यंत भरत नाही असं दिसतंय, गाळ वजा जाता दीडेक लिटर कमी पडेल. पाणी घालून भरू का?

झटपट_फेस

१.००४ बघून बरं वाटलं. सवय लावलेल्या यीस्टची पद्धत मी उतरवून घेतली आहे.

निवळशंख

छान! म्हणजे यीस्ट जिवंत होतं. आता शेवटचा टप्पा सावकाश जाईल, १.००४ पासून खाली रोज एक-दोन हजारांश उतरलं तरी ठीक. अल्कोहोल वाढलेलं असतं, साखर विरळ झालेली असते, यीस्टला शोधून खावं लागतं. परत तळ हलवायची गरज नाही.

वास हायड्रोजन सल्फाइडचा आहे. यीस्टवर ताण आला, म्हणजे गारठा किंवा पोषण कमी, की ते हा वायू सोडतं. हलका असेल तर वायू काढताना बहुतेक सगळा निघून जातो. म्हणून आत्ता काही घालू नका. मात्र आंबवणी संपल्यावर जाड गाळावर पडून राहू देऊ नका, मेलेल्या यीस्टच्या गाळात हा वास वाढतो आणि पुढे लसणीकडे झुकतो, तेव्हा तो काढणं अवघड होतं. आकडा तीन दिवस ठरला की लगेच ओढून घ्या.

ओढून घेताना नळीचं तोंड गाळाच्या वर दोन बोटं ठेवा आणि खालचं टोक बुधल्याच्या तळाशी टेकवा, म्हणजे वाइन पडून खळखळणार नाही. शेवटचा पेलाभर गढूळ भाग मागे राहू द्या. तो वाचवायच्या नादात सगळा गाळ मागोमाग येतो.

मग सल्फाइट, सॉर्बेट आणि वायू काढणं. सल्फाइटशिवाय नुसतं सॉर्बेट कधीही टाकू नका. वाइनमधले काही जिवाणू सॉर्बेट मोडून असं संयुग करतात की त्याला जिरेनियमची पानं चुरडल्यासारखा वास येतो, आणि त्यावर उपाय नाही. सल्फाइट त्या जिवाणूंना रोखतं. पुड्या पूर्ण २३ लिटरसाठी मोजलेल्या असतात, पण दीड लिटर कमी असलं तरी पूर्ण टाकल्यानं बिघडत नाही.

वायू काढणं हे कंटाळवाणं काम आहे आणि तिथेच लोक हात आखडता घेतात. विरघळलेला वायू गाळाच्या कणांना तरंगत ठेवतो, निवळायच्या पुड्या टाकूनही वाइन गढूळच राहते आणि मग दोष पुड्यांना मिळतो. चमच्याच्या दांड्यानं दोन-तीन मिनिटं ढवळायचं, दिशा बदलायची, थांबायचं, थोड्या वेळानं पुन्हा. दिवसभरात असं अनेकदा. सल्फाइट पडलेलं असल्यानं थोड्या हवेची भीती नाही, तरी भोवरा करून हवा आत ओढू नका. झालं की नाही हे बघायला एक छोटी बाटली अर्धी भरा, तळव्यानं तोंड दाबा, जोरात हलवा आणि हात काढा. फुस्स आवाज आला तर अजून ढवळा. वाइन २० अंशांच्या वर असताना हे करा, गार वाइन वायू सोडत नाही.

आता रिकामी जागा. पाणी घालू नका, दीड लिटर पाण्यानं चव आणि अल्कोहोल दोन्ही पातळ होतात, संरक्षणही कमी होतं. त्याच जातीची तयार कोरडी रेड आणून भरा, बुचापासून चार-पाच सेंटिमीटर खाली पातळी येईल इतकी. तेवढी मिळत नसेल तर उकळून गार केलेले काचेचे गोटे सोडून पातळी वर आणता येते. बुधला जरासा तिरका करून गोटे अलगद घरंगळवा, नाहीतर बूड तडकेल. हवा राहिली तर ॲसिटोबॅक्टर जातीचे जिवाणू अल्कोहोलपासून सिरका करायला लागतात, त्यांना ऑक्सिजनच हवा असतो. आंबताना वर वायूचं पांघरूण होतं म्हणून बादलीतली मोकळी जागा चालून गेली. बुधल्यात ते पांघरूण नाही.

बाटल्या भरणं टॉर्चची परीक्षा पास झाल्यावर. ७५० मिलिलिटरच्या अठ्ठावीस-तीस लागतील, आत्तापासून जमवायला घ्या. बूच मारल्यावर दोन-तीन दिवस उभ्या ठेवा, आतला दाब जिरू द्या, मग आडव्या, म्हणजे बूच ओलं राहून आकसणार नाही. अंधारात, तापमान फार न बदलणाऱ्या जागी. रेड आहे, सहा महिने तरी द्या. पहिली बाटली घरच्यांसाठी लवकर उघडली तर माझी काही हरकत नाही, पण पाच-सहा बाटल्यांवर तारीख घालून त्या वर्षभर नजरेआड ठेवा. तुरटपणा किती मऊ होतो हे त्यांच्यावरूनच कळेल.

नवा_बुधला

जिरेनियमचं माहीतच नव्हतं, सॉर्बेट आधी टाकायचा बेत होता! क्रम वहीत उतरवलाय. कायटोसान टाकणार नाही, फक्त कीझेलसोल टाकलं तर चालेल का, की दोन्ही वगळू?

परीक्षानळी

दोन्ही वगळा. ती जोडी आहे. कीझेलसोलवर ऋण भार असतो आणि कायटोसानवर धन, दोन्ही एकमेकांना आणि कणांना धरून खाली बसतात. एकट्या कीझेलसोलनं किटच्या वाइनमध्ये फारसं काही होणार नाही, तेच तरंगत राहायचं. बेंटोनाइट तुम्ही सुरुवातीला टाकलंच आहे, त्यानं प्रथिनं बऱ्यापैकी खाली नेली आहेत. बाकी काम वेळेवर सोडा.

निवळशंख

हो, दोन्ही वगळा. बुधल्यात घेतल्यापासून सहा आठवड्यांनी एकदा आणि तीन महिन्यांनी एकदा गाळावरून घ्या, दरवेळी पातळी पुन्हा भरा. एअरलॉकमधलं पाणी उडून जातं, आठवड्याला बघत जा. पुढचं माप ०.९९८ च्या खाली आलं की इथे टाका, वायू कसा काढताय तेही लिहा.